विजेच्या जुन्या गाड्या आणि त्यांचे धनी

जुनी वस्तु टाकाऊ ठरण्याच्या वाटा पूर्वी दोनच होत्या. एक तर ती वस्तु स्वतः झिजून जाई. किंवा ती धडधाकट राही, परंतु तिच्या भोंवतालचें जग उठून दुसरीकडे जाई. या दुसऱ्या वाटेचा अनुभव ज्या गांवांनीं पोटभर घेतला आहे त्यांत रायगड जिल्ह्यांतील महाडची गणना करावी लागेल. सावित्री नदीच्या कांठीं, समुद्रापासून बरेंच आंत, भरतीच्या पाण्यावर जेथवर मचवे येऊं शकत तेथें हें बंदर वसलें. देशावरचा माल बैलांच्या पाठीवरून घाटवाटांनीं खालीं उतरावा, महाडास तो पडावांत भरावा आणि बाणकोटच्या खाडीनें समुद्रास मिळावा, असा क्रम पिढ्यान्‌पिढ्या चालला. रायगडावर राजधानी असतांना तर महाड हें राजधानीच्या पायथ्याचें बंदर होतें. पुढें १८६३ सालीं बोरघाटांतून आगगाडी देशावर चढली आणि तिकडचा माल थेट मुंबईस उतरूं लागला. १८७६ सालीं पोलादपुराहून महाबळेश्वरास जाणारा आंबेनळीचा घाट, ज्यास साहेब लोक फिट्झजेराल्ड घाट म्हणत, गाडीरस्त्यास मोकळा झाला. परंतु गेलेला व्यापार त्या वाटेनें परत आला नाहीं. १९९८ सालीं कोंकण रेल्वे पुरी झाली, तीहि महाडास न शिवतां वीर स्टेशनावरून पुढें निघून गेली.

या सर्व उलाढालींत एक गोष्ट मात्र ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. आगगाडी आली म्हणून महाडच्या तांडेलाचा मचवा बुडाला नाहीं. धंदा कमी झाला, पण शिडाची दोरी त्याच्याच हातांत राहिली. फळी कुजली तर ती बदलणारा सुतार गांवांतच होता, आणि त्या सुतारास कोणा दूरच्या कारखानदाराची परवानगी काढावी लागत नव्हती. आज वस्तु जुनी होण्याची जी एक तिसरी वाट निघाली आहे तिच्यांत नेमकें एवढेंच उरत नाहीं. म्हणून त्या वाटेचा थोडासा इतिहास वाचकांपुढें ठेवण्याचें योजिलें आहे. ही वाट विजेच्या मोटारगाडीची होय.

विजेच्या गाडीचें यंत्र पाहूं गेल्यास पेट्रोलच्या गाडीहून पुष्कळ साधें असतें. एक बॅटरी, एक मोटर, आणि त्या दोहोंमध्यें विजेचा ओघ सांभाळणारी कांहीं उपकरणें. परंतु बॅटरींतून किती वीज सोडावी, ती किती वेगानें भरावी, उतारावर चाकांकडून किती वीज परत घ्यावी, आणखी किती किलोमीटर जातां येईल म्हणून धन्यास सांगावें, हें सर्व ज्या आज्ञावलीच्या हातीं असतें, जिला आपण सॉफ्टवेअर म्हणतों, ती गाडी विकल्यानंतरहि बदलतां येते. हा बदल म्हणजेच अपडेट. याचा अर्थ असा कीं, विकलेल्या गाडींत कारखानदाराचा एक हात राहून गेलेला असतो. तो हात कधीं देतो, कधीं काढून घेतो, आणि कधीं नुसताच मागें घेतला जातो.

विजेची मोटार ही अगदीं नवी वस्तु आहे असा पुष्कळांचा समज असतो. तो खरा नव्हे. १९०० सालीं अमेरिकेंत ४,१९२ मोटारी तयार झाल्या. त्यांपैकीं १,६८१ वाफेवर चालणाऱ्या, १,५७५ विजेच्या आणि अवघ्या ९३६ पेट्रोलच्या होत्या. विजेच्या गाडीस धूर नसे, खडखडाट नसे, आणि तोंडाशीं दांडा खुपसून तो गरगर फिरविण्याचा व्याप नसे. १९१२ सालीं चार्लस केटरिंग यानें तयार केलेला विजेचा स्टार्टर कॅडिलॅक गाडीस बसला, तेव्हां हा शेवटचा गुणहि पेट्रोलनें पळविला. विजेच्या गाडीचा पराभव विजेच्याच एका उपकरणानें व्हावा ही दैवाची थट्टाच म्हटली पाहिजे. तरी डेट्रॉइट इलेक्ट्रिक या नांवाच्या गाड्या १९३९ पर्यंत बनत राहिल्या. हार्टफर्ड शहरांतील वीज कंपनीनें तर १९२४ पर्यंत अशी सोय ठेविली होती कीं, मालवाहू गाडी घेणारानें गाडी बॅटरीशिवाय घ्यावी आणि उतरलेली बॅटरी देऊन भरलेली घेऊन जावी. पैसे मैलांच्या हिशेबानें. ही सोय बंद झाली तेव्हां ते धनी मागें राहिले खरे. पण ज्याच्याजवळ गाडी उरली त्यास शिशाच्या पट्ट्यांची बॅटरी कोठूनहि घेऊन ती चालवितां येत होती. त्या काळच्या कांहीं गाड्या संग्रहालयांतून आजहि चालतात.

याच्या उलट गोष्ट घडली ती त्याच अमेरिकेंत, शतकाच्या अखेरीस. जनरल मोटर्सनें १९९६ पासून १९९९ पर्यंत ईव्ही-१ नांवाच्या १,११७ विजेच्या गाड्या बनविल्या. त्या विकल्या नाहींत, भाडेपट्ट्यानें दिल्या. २००३ च्या सुमारास कंपनीनें त्या परत घेतल्या व बहुतेक चुरडून टाकल्या. कित्येक चालक गाडी विकत द्या म्हणून विनवीत राहिले, निदर्शनें करीत राहिले, पण कंपनी बधली नाहीं. सुटे भाग पुरविण्याची व पुढील जबाबदारीची अडचण तिनें पुढें केली. कायद्याच्या दृष्टीनें त्यांत वावगें कांहीं नव्हतें, कारण गाडीचा धनी कंपनीच होती. हें उदाहरण मुद्दाम दिलें, कारण आजच्या धन्याच्या हातीं विक्रीखत असूनहि त्याची स्थिति कांहीं अंशीं त्या भाडेकऱ्यासारखी होत चालली आहे.

आपल्याकडे मागें राहिलेल्या गाडीचें सर्वांच्या ओळखीचें उदाहरण फिएटचें आहे. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यांतून निघालेली ही गाडी पुढें पद्मिनी या नांवानें मुंबईची काळीपिवळी टॅक्सी झाली. शतक संपतां संपतां तिची निर्मिति थांबली. परंतु मुंबईंतली शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून उतरली ती २०२३ च्या ऑक्टोबरांत, आणि तीहि मोडली म्हणून नव्हे, तर टॅक्सीस वीस वर्षांची वयोमर्यादा आहे म्हणून. कारखाना मिटल्यावरहि इतकीं वर्षें या गाड्या कोणीं चालत्या ठेविल्या? कुर्ल्याच्या भंगारवाल्यांनीं, लेथवर बुश कातून देणाऱ्या कारागिरांनीं, आणि महाड-पोलादपूरच्या नाक्यावर जॅक लावून गाडीखालीं शिरणाऱ्या मेस्त्र्यांनीं. या मेस्त्र्यांपैकीं फारच थोड्यांनीं कंपनीचें पुस्तक पाहिलें असेल. गाडीचें ज्ञान गाडींतच उघडें पडलेलें होतें. डोळे आणि हात असलेल्या माणसास तें वाचतां येत होतें. आमच्या सुशिक्षित वर्गानें या विद्येस कधीं विद्या म्हटलें नाहीं, हा आमचा करंटेपणा; परंतु कोंकणांतील वाहतूक अर्धें शतक त्याच विद्येवर चालली.

आतां विजेच्या गाडीकडे वळूं. हिंदुस्थानांत ती सर्वसाधारण माणसास विकत मिळूं लागली २००१ सालीं, जेव्हां चेतन मैनी यांची बंगळूरची रेवा बाजारांत आली. दोन दारांची, ठेंगणी, एका भरणांत ऐंशीएक किलोमीटर जाणारी. तिची बॅटरी शिशाचीच, म्हणजे बाजारांत ओळखीची. ही गाडी शहराबाहेर काढण्याची नव्हे. मुंबईहून महाड पावणेदोनशें किलोमीटर, तेव्हां रेवानें सावित्रीचें पाणी पाहण्याचा प्रश्नच नव्हता. २०१० सालीं महिंद्र कंपनीनें रेवाचा मोठा हिस्सा घेतला आणि २०१३ सालीं ई-टू-ओ ही नवी गाडी आणली. हींत बॅटरी लिथियमची आली, आणि तिच्याबरोबर एक अपूर्व गोष्ट आली जिच्याकडे त्या वेळीं फारसें कोणाचें लक्ष गेलें नाहीं. वाटेंत बॅटरी उतरली तर धन्यानें कंपनीस टेलिफोन करावा. कंपनी दुरूनच गाडीशीं बोलून राखून ठेवलेला थोडासा साठा मोकळा करी, आणि गाडी आणखी आठदहा किलोमीटर चाले. जाहिरातींत ही कौतुकाची सोय म्हणून सांगितली गेली, आणि सोय ती होतीच. परंतु इतिहासाच्या अभ्यासकास तींत दुसरेंहि कांहीं दिसतें. धन्याच्या स्वतःच्या गाडींतील, त्यानें स्वतः पैसे देऊन भरलेली वीज कुलपांत होती, आणि त्या कुलपाची किल्ली कंपनीच्या कचेरींत होती. २०१९ सालीं या गाडीची विक्री बंद झाली.

त्याच सुमारास आणखी एका प्रकारें जुने धनी मागें पडले. २०१७ सालीं 'भारत चार्जर' म्हणून सरकारनें चार्जिंगचीं मापें ठरविलीं. त्यांत शीघ्र चार्जिंगचें माप १५ किलोवॅटचें होतें आणि त्याची गन एका विशिष्ट घडणीची. त्याच वर्षीं ईईएसएल या सरकारी कंपनीनें १०,००० विजेच्या गाड्यांची मागणी काढली, आणि टाटांच्या टिगोर व महिंद्रांच्या ई-व्हेरिटो या गाड्या सरकारी कचेऱ्यांच्या दारांत उभ्या राहूं लागल्या. पण दोनतीन वर्षांतच नव्या गाड्या अधिक दाबाच्या बॅटऱ्या घेऊन आल्या, त्यांच्यासाठीं सीसीएस-२ या युरोपी घडणीची गन रूढ झाली, आणि महामार्गावर जे चार्जर उभे राहिले ते बहुतेक तिचेच. जुन्या गाडीनें त्या खांबाशीं जाऊन उभें राहावें आणि गन तोंडांत बसूं नये, अशी गत झाली. येथें दोष कोणा एकाचा म्हणतां येत नाहीं. माप लौकर ठरविल्याचा हा दंड आहे. उशीरां ठरवितों तर गाड्याच आल्या नसत्या.

खरा विचार करण्यासारखा प्रसंग पुढला आहे. २०२० च्या जानेवारींत टाटांची नेक्सन विजेवर आली. पुण्याजवळ रांजणगांव येथें बनणारी ही गाडी, ३०.२ युनिटांची बॅटरी, आणि कागदावर ३१२ किलोमीटरचा पल्ला. प्रत्यक्षांत दोनशेंच्या आसपास धरावा. म्हणजे मुंबईहून सकाळीं निघालेली विजेची गाडी एका भरणांत महाडास पोंचूं लागली. कोंकणच्या रस्त्याशीं विजेच्या मोटारीची खरी गांठ पडली ती येथें.

पोलादपुरास उजव्या अंगाचा रस्ता कशेडीकडे जातो. तेथें २०२३ पासून डोंगराच्या पोटांतून बोगदा झाल्यामुळें चढाचा त्रास पुष्कळ कमी झाला आहे. डावीकडचा रस्ता आंबेनळीचा. त्यास बोगदा नाहीं. पोलादपूर जवळजवळ समुद्रसपाटीचें गांव. तेथून चाळीसएक किलोमीटरांत महाबळेश्वर, सुमारें १,३०० मीटर वर. शाळेंतील पदार्थविज्ञानानें हिशेब करून पाहावा. माणसें व सामान धरून गाडीचें वजन १,७०० किलो घेतल्यास तिला नुसती उचलून वर ठेवण्यासच ६ युनिट वीज लागते. वारा, घर्षण, वळणें हीं निराळीं. म्हणजे बॅटरीचा पांचवा हिस्सा डोंगरानेंच मागून घेतला. परंतु पेट्रोलची गाडी डोंगरास दिलेलें कांहींच परत मिळवीत नाहीं, आणि विजेची मिळविते. उतरतांना मोटरच जनित्र बनते, चाकांचा जोर वीज होऊन बॅटरींत जातो, आणि ब्रेकचें काम पुष्कळसें आपोआप होतें. या क्रियेस चालक लोक थोडक्यांत 'रिजेन' म्हणतात. ती किती जोरानें व्हावी हें लोखंड ठरवीत नाहीं, आज्ञावली ठरविते.

पहिल्या नेक्सनमध्यें हा जोर चालकास कमीजास्त करतां येत नसे. कारखान्यानें जें ठरविलें तें खरें. सपाटीवर त्याचें कांहीं वाटत नाहीं. आंबेनळीच्या एकामागून एक येणाऱ्या वळणांवर, पावसाळ्यांत धुकें दाटलें असतां, पाय सारखा ब्रेकवर ठेवून उतरणें आणि पाय मोकळा ठेवून मोटरच्या धरेवर उतरणें यांतला फरक ज्यानें गाडी हांकली आहे तोच जाणे. २०२२ च्या जुलैंत कंपनीनें नेक्सन प्राइम ही सुधारलेली आवृत्ति काढली. तींत हा जोर चालकाच्या इच्छेप्रमाणें बदलतां येऊं लागला. आणि येथें कंपनीनें केलें तें स्पष्ट शब्दांत नमूद केलें पाहिजे. हीच सुधारणा, वेग स्थिर ठेवण्याची सोय व टायरांतील हवेची सूचना यांसह, २२,००० हून अधिक जुन्या धन्यांस सर्व्हिस सेंटरवर विनामूल्य देण्याचें तिनें जाहीर केलें. गाडीचा एक खिळाहि न बदलतां दोन वर्षांची जुनी गाडी घाटाच्या उतारावर अधिक चांगली झाली. असें भाग्य फिएटच्या धन्याच्या स्वप्नांतहि आलें नसेल. पुढच्या वर्षीं, म्हणजे २०२३ च्या फेब्रुवारींत, नेक्सन मॅक्स या मोठ्या बॅटरीच्या गाडीचा कागदावरील पल्ला ४३७ वरून ४५३ किलोमीटर झाला, तोहि जुन्या मॅक्सवाल्यांस अपडेटनें मिळाला.

मग सप्टेंबर २०२३ मध्यें नेक्सनचें सर्वस्वी नवें रूप आलें, आणि वाट फुटली. नवी मोटर, मोठा पडदा, स्टिअरिंगजवळच्या पट्टीनें रिजेन बदलण्याची युक्ति, आणि गाडींतून बाहेर वीज काढून घरची उपकरणें चालविण्याची सोय. यांतलें बहुतेक जुन्या गाडीस देणें शक्यच नव्हतें, कारण त्यास लागणारीं उपकरणेंच तिच्यांत नाहींत. ही शेवटची सोय महाडकराच्या दृष्टीनें चैनीची नव्हे. २२ जुलै २०२१ च्या महापुरांत महाडची बाजारपेठ पाण्याखालीं गेली, वीज गेली, आणि टेलिफोन चार्ज करण्यासाठीं माणसें वणवण करूं लागलीं. अशा वेळीं माळावर उभी असलेली एक भरलेली गाडी आळीभर दिवे लावूं शकते. पण २०२० च्या गाडीच्या पोटांत तेवढीच वीज असूनहि ती बाहेर येत नाहीं. या ठिकाणीं कारखानदारास दोष देणें अन्यायाचें होईल. लोखंडाची मर्यादा व आज्ञावलीची मर्यादा या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांची गल्लत करून तक्रार करणाऱ्यांनीं आपलीच बाजू लंगडी केली आहे.

माझा आक्षेप निराळा आहे. २०२२ ची देणगी ही देणगी होती, हक्क नव्हता. कंपनीनें ती दिली नसती तर २२,००० धन्यांस कोठें दाद मागतां आली असती? आणि जो हात देऊं शकतो तो काढूनहि घेऊं शकतो, याचे दाखले परदेशीं झाले आहेत. २०१९ च्या मे महिन्यांत टेस्ला कंपनीच्या जुन्या मॉडेल एस गाड्यांच्या कांहीं धन्यांस असें दिसून आलें कीं, रात्रींतून आलेल्या अपडेटनंतर बॅटरी पूर्वीइतकी भरेनाशी झाली. बॅटरीच्या रक्षणासाठीं व दीर्घायुष्यासाठीं हें केलें, असें कंपनीचें म्हणणें. असेलहि तसें, परंतु धन्यास विचारलें नव्हतें. दावा झाला व २०२१ सालीं १५ लाख डॉलरांवर तडजोड झाली. १,७४३ गाड्या त्यांत होत्या आणि बहुतेकांच्या पदरीं ६२५ डॉलर पडले. इंग्लंडांत निसान कंपनीनें १ एप्रिल २०२४ पासून जुन्या लीफ गाड्यांचें मोबाइलवरचें अ‍ॅप बंद केलें, कारण तें ज्या जुन्या टेलिफोन जाळ्यावर चाले तें मोडीत निघणार. त्यांतल्या कांहीं गाड्यांस पांच वर्षेंहि झालेलीं नव्हतीं. गाडी चालत होती. परंतु हिंवाळ्यांत घरांतूनच ती गरम करून ठेवण्याची सोय, जी पाहून कित्येकांनीं ती घेतली होती, ती गेली.

सर्वांत करुण कहाणी फिस्करची. ही अमेरिकन कंपनी जून २०२४ मध्यें दिवाळ्यांत गेली. तिच्या ओशन गाड्यांच्या धन्यांनीं आपला संघ काढला आणि आज्ञावलीचा सांभाळ स्वतःच करण्याची खटपट आरंभिली. न्यूयॉर्कच्या एका कंपनीनें उरलेल्या तीन हजारांवर गाड्या भाड्यानें चालविण्यासाठीं विकत घेतल्या. आणि पैसे ठरून गेल्यावर निराळीच अडचण उघडकीस आली, कीं ज्या दूरच्या संगणकांवर या गाड्यांचें दप्तर होतें तें नव्या धन्याच्या नांवें हलवितां येईना. त्यासाठीं निराळा करार करावा लागला. कुर्ल्याचा कारखाना मिटला तेव्हां पद्मिनीस कोणाचें दप्तर लागलें नव्हतें.

कारखानदाराच्या बाजूनेंहि बोलण्यासारखें आहे आणि तें बोललें पाहिजे. गाडींतला संगणक बाहेरच्या संगणकाप्रमाणेंच लौकर म्हातारा होतो. नव्या आज्ञा त्याच्या पोटांत मावत नाहींत. ब्रेक व सुकाणूशीं संबंध असलेली आज्ञा बदलावयाची तर प्रत्येक जुन्या आवृत्तीवर ती निरनिराळी तपासावी लागते, आणि तपासणीचा खर्च गाडी नवी असो वा जुनी, तितकाच. संयुक्त राष्ट्रांच्या युरोपीय आर्थिक आयोगाच्या मोटारविषयक मंडळानें २०२० सालीं अपडेटसंबंधीं नियम केला, जो १५६ क्रमांकानें ओळखला जातो. युरोपांत तो लागू आहे. अपडेट सुरक्षित असावे, त्यांची नोंद ठेवावी, धन्यास कळवावें, असें त्यांत बजाविलें आहे. परंतु गाडी विकल्यावर अपडेट किती वर्षें द्यावे याविषयीं त्यांत एक ओळहि नाहीं. जें दिलें तें नीट द्या, एवढेंच. न दिल्यास काय, हा प्रश्न मोकळाच सोडला आहे.

आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक खात्यानें जुलै २०२२ मध्यें दुरुस्तीच्या हक्काचा विचार करण्यासाठीं समिति नेमली आणि शेतीचीं अवजारें, मोबाइल, घरगुती उपकरणें व मोटारी हीं चार क्षेत्रें तिच्यापुढें ठेविलीं. डिसेंबर २०२२ मध्यें त्यासाठीं एक पोर्टलहि उघडलें. उपक्रम स्तुत्य आहे. पण त्या पोर्टलावर माहिती मिळते, हक्क मिळत नाहीं. अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स संस्थानानें २०१२ सालीं जसा मोटारदुरुस्तीचा कायदा केला, आणि २०२० सालीं लोकमत घेऊन दुरून येणारी गाडीची माहितीहि त्याच्या कक्षेंत आणली, तसा कायदा आपल्याकडे अद्याप झालेला नाहीं. खाजगी मोटारीची नोंदणी आपण पंधरा वर्षांची करतों. सरकार ज्या गाडीस पंधरा वर्षें रस्त्यावर चालण्यास लायक मानतें, तिच्या सुरक्षिततेशीं संबंध असलेले अपडेट तितकींच वर्षें देण्याचें बंधन कारखानदारावर कां नसावें? आणि तें देणें त्यानें थांबविलें कीं, त्या गाडीचा दोष वाचण्याचें उपकरण कोणाहि गॅरेजवाल्यास वाजवी किंमतींत विकत मिळालें पाहिजे.

हा प्रश्न मुंबईकराचा नव्हे, असें मीं मुद्दाम म्हणतों. नवी गाडी घेणारा मुंबई-पुण्याचा गृहस्थ चारसहा वर्षांनीं ती काढून दुसरी घेतो; अपडेटविना त्याचें फारसें अडत नाहीं. काढलेली गाडी मात्र घाट उतरून खालीं येते. महाडच्या औद्योगिक वसाहतींतील कारकून, पोलादपूरचा शिक्षक, गांवोगांव हिंडणारा डॉक्टर हे तिचे दुसरे धनी. पहिल्या धन्यानें नवलाई भोगली. जुनेपण दुसऱ्याच्या वांट्यास येतें. आणि कंपन्यांचीं आश्वासनें या दुसऱ्याच्या नांवें नसतात. २०२५ च्या जुलैंत टाटांनीं कर्व्ह व ४५ युनिटांच्या नेक्सन गाड्यांच्या बॅटरीस आजीवन, म्हणजे पंधरा वर्षांची, हमी दिली. ती पहिल्या खाजगी धन्यापुरती आहे. गाडी दुसऱ्याच्या नांवावर चढली कीं हमी पूर्वीप्रमाणें आठ वर्षें अथवा १,६०,००० किलोमीटर.

२०२० सालच्या ३०.२ युनिटांच्या नेक्सनला त्या आजीवन हमीचा स्पर्श नाहीं. तिची आठ वर्षांचीच. जानेवारी २०२० नंतर ज्या अगदीं पहिल्या गाड्या रस्त्यावर आल्या त्यांची ती २०२८ पासून संपत जाईल. तोंपर्यंत त्यांतल्या कित्येक गाड्यांनीं आंबेनळी अनेकदां चढलेली व उतरलेली असेल, आणि कांहीं तरी महाड-पोलादपूरकडच्या दुसऱ्या धन्यांच्या नांवावर झालेल्या असतील. नाक्यावरच्या मेस्त्र्याकडे आज पाने आहेत, जॅक आहे, विजेचा दाब मोजण्याचें मीटरहि आहे. गाडींतल्या संगणकाशीं जोडावयाची एक केबल आणि ती वापरण्याची मुभा, एवढें त्याच्याजवळ नाहीं. आणि तें मिळण्यास २०२८ पर्यंतचीच सवड आहे.